श्वासाचा पंचनामा

ताम्रपट

गेल्या आठवड्यात भाच्याच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही नक्की करता काय?" फॉरेन्सिक इंजिनियर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बोटांचे ठसे येतात. सरकारी मराठीत 'न्यायसहायक' असा छान शब्द आहे, कलिन्याच्या प्रयोगशाळेच्या नावातही तोच आहे. पण पंगतीत तो उच्चारला तर समोरचा जिलबीवाल्याला हाक मारायला लागतो.

माझं काम त्यापेक्षा रुक्ष आहे. कारखान्यात माणूस दगावला किंवा आजारी पडला आणि संशय तिथल्या हवेवर असला, की मला बोलावतात. अडचण अशी की मी पोचेपर्यंत ती हवा निघून गेलेली असते. मोडलेला शाफ्ट महिनाभर पुराव्याच्या खोलीत पडून राहतो. हवा थांबत नाही.

यात २३ वर्षं गेली. त्या गृहस्थांना सांगायचं राहिलं ते इथे लिहितो.

सुरुवातीच्या एका प्रकरणात एक रासायनिक कारखाना होता, नाव सोडून देतो. रिअॅक्टर आतून साफ करायला एक कंत्राटी कामगार उतरला होता. तोंडावर पूर्ण मास्क, त्याला बाहेरून नळीने हवा. दोन-तीन मिनिटांत हालचाल बंद. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'मयताने मास्क परिधान केला होता, मास्कमध्ये दोष आढळला नाही.' दोन्ही वाक्यं खरी होती. मी मास्क बाजूला ठेवला आणि नळी कुठे जाते ते बघत गेलो. भिंतीवरून दोन पाइप शेजारीशेजारी जात होते, एक दाबाच्या हवेचा, एक नायट्रोजनचा. आम्लाच्या वाफांनी दोन्हींचा रंग उडून सारखाच करडा झालेला. दोन्हींना कपलिंगही (नळी जोडायचं तोंड) एकाच मापाचं, कारण स्टोअरला एकच माप ठेवणं सोयीचं पडतं. त्याची नळी नायट्रोजनला जोडली गेली होती.

नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. मुख्य म्हणजे त्यात जीव गुदमरल्यासारखं वाटतही नाही. श्वास कोंडल्याची जी तडफड आपल्याला होते ती ऑक्सिजन कमी झाल्याने नाही, तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. नायट्रोजनमध्ये तो उच्छ्वासाबरोबर आरामात बाहेर पडत राहतो. शरीर 'सगळं ठीक आहे' म्हणत असतं आणि दोन-चार श्वासांत माणूस खाली. अमेरिकेत रासायनिक अपघातांचा तपास करणारी एक स्वतंत्र सरकारी संस्था आहे, केमिकल सेफ्टी बोर्ड. त्यांनी १९९२ ते २००२ मधल्या नायट्रोजनच्या ८५ घटना गोळा केल्या, त्यांत ८० माणसं गेली होती. आपल्याकडे अशी स्वतंत्र संस्था नाही.

व्यवस्थापनाला माझ्या अहवालात 'कामगाराची चूक' हे शब्द हवे होते. मी लिहिलं, 'दोन्ही वायूंना एकमेकांत न बसणारी कपलिंग असती तर ही जोडणी करताच आली नसती.' त्यानंतर त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही.

पण असे अपघात तपासायला सोपे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, पोलीस आलेले, पंच सह्या करून गेलेले. मला खरं लिहायचंय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. जो अपघात घडायला १५-२० वर्षं लागतात, त्याचा पंचनामा होत नाही.

फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, फेटलिंगला काम करणारा माणूस घ्या. ओतकामाला चिकटलेली, भाजलेली वाळू ग्राइंडरने आणि छिन्नीने काढायची, दिवसभर. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, म्हणजेच सिलिका. त्याचा डोळ्याला दिसणारा भुगा नाकातच अडकतो. घातक तो न दिसणारा, साधारण ४ मायक्रॉनच्या आसपासचा आणि त्याहून बारीक. केसाची जाडी ७० मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल. २ मायक्रॉनचा क्वार्ट्झचा कण नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला स्थिर हवेतसुद्धा तासाभरापेक्षा जास्त वेळ घेतो. तोवर जेवणाची सुट्टी होते, मशीन बंद होतं, लोक मास्क काढून तिथेच डबा उघडतात.

असा एक माणूस माझ्याकडे आला तो वकिलामार्फत. वय ४६. क्षयाचे दोन कोर्स झालेले, थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. दवाखान्याच्या जाडजूड फायलीत 'व्यवसाय' या रकान्यात एकच शब्द होता: मजुरी. कसली मजुरी, हे कोणी विचारलं नव्हतं.

मग १९ वर्षांची हवा उभी करायची कशी? कागदांतून. वाळूखरेदीची बिलं काढली, महिन्याला किती टन वाळू त्या शेडमधून फिरत होती ते कळलं. जुने फोटो मागितले. खंडेनवमीला मशीनची पूजा करून सगळे फोटो काढतात. त्या फोटोंत मागे कुठली मशीनं होती, त्यांवर धूळ ओढून घेणारं हूड होतं का, ते दिसतं. (देवीची कृपा म्हणतात ती हीच.) बरोबरच्या सहा जणांशी वेगवेगळं बोललो. पण निकाल लागला तो एका नसलेल्या कागदाने. शेडला धूळ ओढणारी यंत्रणा होती, चालू असल्याचे शेरे दर महिन्याच्या तपासणी तक्त्यावर होते. अशा यंत्रणेत कापडी पिशव्या असतात, त्या झिजतात, फाटतात, बदलाव्या लागतात. ११ वर्षांच्या खरेदी नोंदवहीत एकही पिशवी नव्हती. म्हणजे पंखा चालत असेल किंवा नसेल, धूळ गाळली जात नव्हती एवढं नक्की.

या धंद्यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध प्रकरण अमेरिकेतलं आहे. पश्चिम व्हर्जिनियात गॉली ब्रिजजवळ, हॉक्स नेस्ट इथे १९३० मध्ये डोंगरातून बोगदा खणायला घेतला. खडक जवळजवळ शुद्ध सिलिका. पाणी मारत ड्रिलिंग केलं असतं तर धूळ बसली असती, पण कोरडं ड्रिलिंग लवकर उरकतं. कामगार बहुतेक दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय. काही जण वर्ष-दीड वर्षातच मेले. एरवी सिलिकोसिसला, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला, वीस वर्षं लागतात, तिथे डोसच तेवढा होता. मान्य झालेला आकडा १०९. पुढे अभ्यासकांनी नोंदी जुळवून काढलेला अंदाज ७६४. काम होतं युनियन कार्बाइडसाठी. हो, तीच. १९८४ ची रात्र आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, १९३० चा बोगदा कुणाला ठाऊक नसतो.

प्रतिसाद

मुक्ता_

बापरे. पिशव्यांचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

साचेवाला

लेख चांगला आहे, पण एक बाजूच मांडली राव. मी कोल्हापूरजवळ शिरोलीला फौंड्री चालवतो, वडिलांपासून. कासार्ड्याची वाळू येते, ३५ माणसं आहेत. तुम्ही म्हणता मालक मास्क देत नाहीत. मी देतो. एन-९५ पेटीने आणतो. सकाळी तोंडावर, दहा वाजता गळ्यात, जेवणानंतर खुंटीला. भट्टीपाशी उभं राहून बघा, मग कळेल का काढतात ते. बोललं की म्हणतात, "मालक, दम कोंडतोय." आणि गिऱ्हाईक कास्टिंगचा दर किलोमागं आठ आण्यानं पाडून मागतंय. धूळ ओढायची यंत्रणा कुठल्या पैशानं बसवू? मोठ्यांना लागू ते आम्हाला लावू नका.

ताम्रपट

साचेवाले, मालक मास्क देत नाहीत असं मी कुठेच लिहिलेलं नाही, परत वाचा. उलट मास्क हीच आपल्याकडची पहिली आणि शेवटची खरेदी असते. तो सगळ्यात शेवटी यायला हवा. तुमची माणसं तो काढतात यात त्यांचा आळस नाही. चाळीस डिग्रीत अंगमेहनतीचं काम करताना एन-९५ आठ तास कोणीच घालू शकत नाही, मीही नाही.

पैशाचं म्हणाल, तर आधी फुकटातलं करा. एक, संध्याकाळी एअर गनने (दाबाच्या हवेच्या झोताने) कपडे आणि फरशी झाडणं आजपासून बंद. मी पंप लावून मोजलंय. काही शेडमध्ये दिवसाचा सगळ्यात वाईट अर्धा तास तोच निघतो, काम संपल्यानंतरचा. दोन, झाडण्याआधी पाणी शिंपडा, आजी अंगण झाडायची तसं. फक्त वितळलेला धातू असतो तिथे पाणी न्यायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तीन, साचे फोडायचं काम सगळ्यांच्या मध्ये चालत असेल तर ते शेडच्या कडेला, वारा जातो त्या बाजूला हलवा. शक्य असेल तर सुट्टीनंतर करा. एक माणूस धुळीत राहील, पण ३४ वाचतील. मग त्या एकाचा चांगला बंदोबस्त करायला पैसे पुरतात. चौथं म्हणजे मोजा. न मोजता यंत्रणा विकायला येतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

साचेवाला

मोजणं म्हणजे नेमकं काय करता? इन्स्पेक्टरसारखं वहीत लिहून जाता की काही मशीन असतं?

ताम्रपट

कामगाराच्या पट्ट्याला छोटा पंप, कॉलरला एक चिमुकलं सायक्लोन. पिठाच्या गिरणीवर असतं ना, त्याचंच नातवंड. ते जाड धूळ बाजूला टाकतं आणि फुप्फुसात खोल पोचणारी तेवढी पुढच्या फिल्टरवर बसते. मिनिटाला १.७ लिटरने आठ तासांत ८१६ लिटर हवा. अमेरिकेची २०१६ पासूनची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम सिलिका. म्हणजे दिवसअखेर फिल्टरवर सिलिका किती चालेल? ४१ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक खडा त्याहून जड भरतो! म्हणून फिल्टर चिमट्याने उचलायचा आणि प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी तपासायचा.

आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आकड्याऐवजी सूत्र होतं: १० भागिले, क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २. उत्तर घनमीटरला मिलिग्रॅममध्ये, श्वसनीय म्हणजे फुप्फुसात खोल पोचणाऱ्या धुळीचं. क्वार्ट्झ १८ टक्के असेल तर १० भागिले २०, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम धूळ. ही अनुसूची भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीत आली. नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या सुरक्षेची २०२० ची संहिता त्या कायद्याच्या जागी आली आहे. पण संहिता कुठलीही असो, फुप्फुस जुनंच आहे.

फुफ्फुसवैद्य

मी छातीच्या रोगांचा डॉक्टर, सोलापूरकडे प्रॅक्टिस. 'मजुरी' वाचून थोडी लाज वाटली. माझ्याही केसपेपरवर तसंच असतं. ओपीडीत एका पेशंटला चार मिनिटं मिळतात.

पण दोन गोष्टी सांगतो. सिलिकोसिस आणि टीबी यांतलं एकच निवडायचं असं नसतं. सिलिकाने फुप्फुसातल्या भक्षक पेशी मरतात, त्याच पेशी टीबीच्या जंतूला आवरत असतात. त्यामुळे सिलिका खाल्लेल्याला टीबी होण्याचा धोका बराच जास्त. थुंकी निगेटिव्ह, एक्स-रेमध्ये वरच्या भागात गाठी, औषध घेऊन फरक नाही, असा पेशंट आला की मी आता एक प्रश्न विचारतो: "दगड, वाळू, काच, चिनीमाती, यातलं काय?" बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

दुसरं म्हणजे, जुन्या कारखाने कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे कारखान्यातल्या कामगाराला असा आजार आढळला तर मुख्य कारखाने निरीक्षकांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक होतं. नाही कळवलं तर दंड फार तर हजार रुपये होता. माझ्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, आजवर किती जणांनी असं पत्र पाठवलंय? एकाने अंगठा दाखवला. तोही चुकून दाबला गेला होता.

ह्यूस्टनकर

मी इथे रिफायनरीत आहे. दरवर्षी फिट टेस्ट होते, म्हणजे मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का ते तपासतात. डोक्यावर पारदर्शक टोपडं घालतात, आत सॅकरिनचा फवारा मारतात आणि मास्क लावून मान हलवायला, बोलायला, वाकायला लावतात. गोड लागलं की नापास. पहिल्या वर्षी मी दाढीमुळे नापास झालो. दोन दिवसांचे खुंटसुद्धा चालत नाहीत. इथे अर्ध्या तोंडाच्या मास्कचा संरक्षण गुणांक १० धरतात, म्हणजे आतली हवा बाहेरच्या दहापट स्वच्छ. तोही फिट टेस्ट पास झाली तर. भारतात कुठल्या साइटवर फिट टेस्ट बघितल्याचं आठवत नाही.

ताम्रपट

मोठ्या रिफायनऱ्या आणि औषध कंपन्यांत होते. बाकी ठिकाणी 'मास्क दिल्याची सही' हीच फिट टेस्ट. दाढीचा प्रश्न नाजूक आहे. शीख डॉक्टरांनी कोविडच्या काळात दाढीवर हनुवटीखालून रबरी पट्टा घट्ट बांधून त्यावर मास्क लावायची युक्ती वापरली, तिला 'सिंग ठाठा' म्हणतात. ब्रिटनमध्ये फिट टेस्ट करून तपासली तर बहुतेक जण पास झाले. धर्माशी न भांडता सुटलेला इंजिनियरिंगचा प्रश्न म्हणून मला ती फार आवडते.

खवचट_खान

म्हणजे कोविडात आम्ही रुमाल बांधून फिरत होतो ते व्यर्थच म्हणा की :)

ताम्रपट

पोलिसासाठी होता, विषाणूसाठी नव्हता.

रानमेवा

थोडं अवांतर, पण हवेचंच आहे. मी नगर जिल्ह्यातला. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीत मांजर पडलं म्हणून एक जण जुन्या विहिरीत उतरला. त्या विहिरीत बायोगॅसचं शेण-पाणी सोडत होते. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच माणसं गेली. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणायची, आधी दोरीला कंदील बांधून सोडा, विझला तर उतरू नका. हे बरोबर आहे का?

ताम्रपट

अवांतर अजिबात नाही. बंदिस्त जागेच्या अपघातांत मेलेल्यांत वाचवायला गेलेलेच पुष्कळ असतात. पहिल्याला अपघात होतो, बाकीच्यांना माया नेते.

कंदिलाचं उत्तर अर्धं हो. जुन्या कोरड्या विहिरीत ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, तेवढा इशारा खरा. पण शेणाच्या खड्ड्यात, गटारात कंदील सोडू नका. तिथे मिथेन असतो, ज्योतीने भडका उडू शकतो. आणि हायड्रोजन सल्फाइड असेल तर कंदील मजेत जळत राहील आणि माणूस मरेल. हा वायू मोठा दगाबाज आहे. अगदी थोडा असताना सडक्या अंड्याचा वास मारतो, १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १००) आसपास गेला की नाकच बधिर करतो. "आता वास गेला, उतरा," असं म्हणून उतरलेल्यांची प्रकरणं मी पाहिलीत. कारखान्यात अशा जागेत उतरण्याआधी हवा तपासून जाणकाराने लेखी दाखला द्यावा असं जुन्या कारखाने कायद्याचं कलम ३६ सांगायचं. विहिरीला कलम नाही. म्हणून गावात एवढं तरी ठरवा की पहिला खाली पडला तर दुसऱ्याने उतरायचं नाही. वरूनच दोर, गळ, जे असेल ते, आणि अग्निशमन दलाला फोन. हे पाळणं किती अवघड आहे ते मला कळतं. खाली भाऊ असतो.

गावठी_इंजिनियर

सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचं तर काय करावं? पगार वगैरे?

ताम्रपट

सर नको, काका चालेल. औद्योगिक सुरक्षेची पदविका कर. सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथली प्रयोगशाळा एकदा डोळ्यांनी बघून ये. चार-पाच वर्षं कारखान्यात काढ, फॉरेन्सिक त्यानंतर. मशीन चालताना न पाहिलेल्या माणसाला ते बंद पडलेलं समजत नाही. परदेशी परीक्षाही आहेत, घाई नको. पगार आयटीवाल्या मित्राला सांगू नकोस. आणि कोर्टात उलटतपासणी सोसायची सवय लागते. एका वकिलाने मला विचारलं होतं, "साहेब, तुम्ही ती धूळ स्वतः पाहिली का?" नाही म्हणालो. दिसली असती तर ती घातक नव्हती, हे सांगायला मला पुढची तारीख लागली.

साचेवाला

काल संध्याकाळी एअर गनची नळी काढून ऑफिसात आणून ठेवली. पोरं चिडलीत, "कपडे कसे झाडायचे?" म्हणून. जुना व्हॅक्यूम क्लीनर दिला तर चालतो का?

ताम्रपट

घरगुती नको, तो बारीक धूळ मागून परत हवेत सोडतो. हेपा फिल्टरवाला औद्योगिक घ्या, शेडमध्ये एक पुरे. तो येईपर्यंत कामाचे कपडे तिथेच काढून ठेवू देत, घरी नेऊ नयेत. आणि नळी काढलीत त्याबद्दल पुढच्या वेळी कोल्हापुरात मिसळ माझ्याकडून.

लालबागचा_नंदू

दोन दिवस धागा वाचतोय, लिहू की नको करत होतो. माझे वडील गिरणीत होते, ८२ च्या संपापर्यंत. आता ८१ वर्षांचे आहेत. जिना चढवत नाही. दमा म्हणून औषध चालू आहे. लहानपणचं आठवतं, रविवारी घरी बरे असायचे, सोमवारी रात्री पाळीवरून आले की छातीवर हात दाबून बसायचे. आई म्हणायची, सुट्टी मानवत नाही ह्यांना. तुमचं वाचून काल त्यांची फाइल काढली. 'व्यवसाय' पुढे लिहिलंय: निवृत्त.

ताम्रपट

नंदू, कुठल्या खात्यात होते? साळखातं (विणाई), त्रासन (सूतकताई), की त्याच्या आधीचं?

लालबागचा_नंदू

आत्ता विचारून आलो. ब्लो रूम. कापसाच्या गाठी फोडायला. २२ वर्षं.

फुफ्फुसवैद्य

सोमवारी छाती आवळणं आणि आठवडाभरात उतरत जाणं ही कापसाच्या धुळीच्या आजाराची, बिसिनोसिसची, जुनी ओळख आहे. सगळ्यात जास्त धूळ ब्लो रूम आणि कार्डिंगलाच (कापूस पिंजतात तिथे). न तपासता निदान सांगत नाही, पण पुढच्या वेळी डॉक्टरांना हे सगळं असंच्या असं सांगा. स्पायरोमेट्री (नळीत फुंकायला लावून फुप्फुसाची ताकद मोजतात ती तपासणी) झाली नसेल तर करून घ्या.

ताम्रपट

आणि एक काम आजच करा. त्यांच्याजवळ बसून लिहून घ्या: गिरणी, खातं, कधीपासून कधीपर्यंत, पाळी कुठली, सोमवारचं दुखणं कुठल्या वर्षी सुरू झालं, बरोबर कोण होतं. गिरणीचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, पीएफचा कागद, काही सापडलं तर फोटो काढून ठेवा. कापसाच्या धुळीचा आजार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. इतक्या वर्षांनी हाताला काय लागेल याची खात्री देत नाही. पण कागद करा.

लालबागचा_नंदू

लिहायला बसलोय. बरोबर कोण होतं विचारलं तर सतरा नावं घेतली. म्हणाले, हळू लिही, दम घेऊ दे.